सदतिसावं पान

वडशाच्या सायबर कॅफेवाल्यानं दुकान मोडलं
तेव्हा साडेचार हजारांत मिळाला हा कॉम्प्युटर.
की-बोर्डवरचं 'ए' पुसून गेलेलं.
शिष्यवृत्तीच्या, जात पडताळणीच्या, पोलीस भरतीच्या अर्जांत
गेलं असेल थोडं थोडं करून.
एंटरला बोटाएवढा खळगा.

तीन हंगाम माझा सिंथ फोनमध्येच होता.
स्टेजच्या पुढ्यात, ऑर्गनशेजारी,
उपड्या क्रेटवर फोन,
सरकू नये म्हणून खाली ओला रुमाल,
काचेला तडा, आणि तड्याखाली
माझी लहर.

कुणी विचारलं तर मी सांगते, वही समजा.
दर पानावर एकच लहर, एकच वळसा.
बोट ओढलं की पानं फडफडतात
आणि सूर तोच राहून
त्याची कातडी बदलते.
मनिरामकाका, चाळीस वर्षं ऑर्गनवर बसलेले,
म्हणाले, "म्हंजे लिवून ठेवलेला आवाज होय का वो पोरी?"
याहून बरं मलाही सांगता आलेलं नाही.

माझी वही आरमोरीच्या राईस मिलची.
पट्टा फिरत होता, धान उतरत होतं,
पोत्यावर फोन ठेवून धरले चार सेकंद,
त्यांची केली चौसष्ट पानं.
भुताची एंट्री, सासूचा संशय, तुरुंगाचं दार,
सगळं त्यातूनच काढलं.
प्रेमाचा सीन तेवढा मनिरामकाकांकडे.

आता तोच सिंथ कॉम्प्युटरसाठी निघाला.
लोमेशच्या फोनचं नेट घेऊन रात्री दीडला उतरवला,
वही वायरीतून पलीकडे ढकलली, उघडली,
तर फोनवर गांडुळाएवढी असलेली लहर
बांधासारखी आडवी पडलेली.
मी सवयीनं बोट टेकवलं.
काच गार. काही हललं नाही.
मध्ये आता माऊस आहे, आणि माऊसच्या मध्ये एक बाण,
आणि बाण कुणाच्या अंगचा नसतो.

सदतिसाव्या पानावर एक दात दिसला.
एवढासा, करवतीचा असतो तसा.
फोनच्या स्पीकरनं तीन वर्षांत कधी दाखवला नव्हता.
लोमेशनं डीजेचे दोन बॉक्स लावले,
मी त्या पानाशी थांबले,
आणि खोलीत कुणीतरी खाकरलं.

डोमाजी ठेंगरी.
पट्ट्याजवळ उभा असायचा, घशात कोंडा.
मिल बंद झाली, तो आता बँकेबाहेर वॉचमन,
काठी घेऊन बसतो, अजून तसाच खाकरतो.
त्याला काय सांगायचं?
तीन वर्षं तू गावोगाव भूत होऊन आलास?

इथं 'गुळगुळीत' नावाचं बटण आहे.
दाबलं.
दात गेला. भूत असं वाजलं
की पासबुक छापायचं मशीन.
मागे घेतलं.

वैरागडच्या मंडईत पहिला प्रयोग.
लोमेशच्या गाडीवर, गोधडीत गुंडाळून नेला डबा,
बाळंतिणीला नेतात तसा, खड्डे चुकवत.
दुसऱ्या अंकात जनरेटरनं उचकी दिली.
लाईट मिणमिणून परत आले,
कॉम्प्युटर गेला तो गेलाच, मग पहिल्यापासून उठायला लागला,
सावकाश, जांभया देत.
स्टेजवर गुरुदास पांढऱ्या चादरीत उभा,
हात वर, आवाज नाही.
तो चादरीतूनच पुटपुटला, "अवो वाजव ना!"

खिशात फोन. अकरा टक्के.
ओला रुमाल नव्हता, गुडघ्यावर धरला.
तड्याखाली बोट गेलं आणि
न पाहता थांबलं, जिथं थांबायचं तिथं.
पुढच्या तट्ट्यावरचं एक पोरगं रडायला लागलं.

पडद्यावर तेव्हाच आलं, स्वागत आहे.

पहाटे मनिरामकाका चहा घेऊन आले.
फोन कॉम्प्युटरच्याच वायरीला लावला होता, पीत होता.
"मोठ्याचा आवाज जाडा हाय," ते म्हणाले,
"पन त्याले झोप लय."

माऊसचे दोनशे अजून द्यायचे आहेत.